हलूनका

"हनुवटी जरा खाली. खांदे सैल. आता हलू नका."

सांगत होता तो, पण कॅमेऱ्यामागे बायको होती. स्टुडिओ त्याचा, स्टुलावरचं गिऱ्हाईक त्याचं, आणि गळ्यातल्या झोळीत लोंबणारा उजवा हातही, म्हटलं तर, त्याचाच.

गल्लीत त्याला नावाने कुणी ओळखत नसे. सगळे म्हणत हलूनका. 'हलूनकाकडून फोटो काढून आण.' मग स्कूटर घसरली, तो खांद्यावर आपटला आणि त्याचं बोलणं त्याच्याच हाताने मनावर घेतलं. बोटं चालत, मनगट चाले. कोपर मात्र वाकायचं नाव घेईना.

"जन्मभर सगळ्यांना सांगत आलात," बायको म्हणाली होती, "एकाने तरी ऐकलं."

तो हसला नव्हता. पासपोर्टच्या फोटोला हसलेलं चालत नाही, आणि फोटोवाला हसला की गिऱ्हाईक हसतं. धंद्यातली ही सवय चेहऱ्यावर कायमची बसली होती.

श्वास घ्या.

हे वाक्य सर्जनबाईंचं.

"कोपर वाकवणारी नस मानेपाशी मुळातूनच उपटलीय. टाका घालायला टोकच उरलं नाही. म्हणून दुसऱ्या उसन्या आणू. फासळ्यांमधल्या, श्वासाच्या. काखेतून वळवून दंडातल्या नसेला जोडू, सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्याने."

"म्हणजे श्वास घेतला की हात वर?" बायकोने विचारलं.

"सुरुवातीला तसंच. श्वास, खोकला, शिंक, हसणं. त्या नसांना वाटणार, आपण अजून छातीचंच काम करतोय."

"हसणं? मग झालं कल्याण! डॉक्टर, ह्यांना नुसती शिंकेची नाही का बसवता येणार?"

सर्जनबाई हसल्या. तो नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं, कॅमेरा डोळ्याला लावता येईल का? पासपोर्टचं काम काय, स्टँडवरही होतं. पण रांगणाऱ्या पोराचा फोटो काढायचा तर त्याच्यामागे आपणही रांगावं लागतं, कॅमेरा हातात धरून. त्याचं खरं सुख तेच होतं.

"नस वाढेल, पण फार सावकाश," त्या म्हणाल्या. "ती पोचेपर्यंत स्नायूने तग धरला पाहिजे."

शस्त्रक्रिया झाली. मग तो श्वास घेत राहिला. उठता श्वास, बसता श्वास. व्यायाम घेणाऱ्या बाई दंडावर हात ठेवून म्हणत, "अजून खोल." खोकून खोकून घसा बसला. हात आपला लोंबतोय. ऋतू बदलले. रात्री बायकोची पाठ वळली की तो डाव्या हाताने उजवा दंड चाचपी. दंड बारीक होत चालला होता.

हलू नका.

तर त्या दिवशी स्टुलावर एक लठ्ठ, सज्जन आजोबा होते. बायको भिंगात बघून बराच वेळ काहीतरी जुळवत होती. आजोबांचे गाल लाल झाले, मग जांभळे. डोळे बटाट्यांएवढे.

"अहो आजोबा, श्वास घ्या!" तो म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात," आजोबांनी एकदम सगळा सोडला, "हलू नका!" आणि शेवटच्या शब्दाबरोबर त्यांची कवळी उडून थेट कॅमेऱ्याच्या पिशवीत पडली.

हलूनका हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग आवरेनाच. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी काढत हसला.

"हात!" बायको ओरडली.

"कुणाचा?"

"तुमचा! झोळी उचलली गेली! परत हसा!"

"असं सांगून हसू येतं होय?"

"लोकांना सांगून थांबवत होता ना इतकी वर्षं? हसा म्हणते!"

आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले, "मी पुन्हा टाकू का कवळी?"

आणि हात पुन्हा उचलला गेला. बोटभर. पण उचलला गेला.

हसा.

मग गल्लीला उद्योग मिळाला. समोरचा न्हावी विनोद घेऊन येई, शेजारची शिंपीण नवऱ्याच्या तक्रारी. फालतू विनोदाला हात नुसता फुरफुरे, बऱ्या विनोदाला पोटापर्यंत येई. न्हाव्याचा एक अश्लील विनोद थेट हनुवटीपर्यंत गेला आणि त्याची कीर्ती झाली. शिंक आली की चहाचा कप दुसऱ्या हातात द्यावा लागे. बायकोचा विनोद ऐकून तो चेहरा दगडासारखा ठेवी, पण हात खाली राहत नसे.

"तोंड खोटं बोलतं," ती खुशीत म्हणे, "हात नाही."

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, "आता श्वास विसरा. नुसता हात उचला." ते जमायला फार वेळ लागला. पण जमलं. एका सकाळी तो जमिनीवर पालथा पडून शिंपिणीच्या नातवाचा फोटो काढत होता. कॅमेरा डोळ्याला, कोपर पुरतं वाकलेलं, श्वास आपल्या वाटेने, हात आपल्या. पोरगं त्याच्या अंगावर चढलं. बायको दारात उभी राहून बघत राहिली, रडली, आणि धूळ गेली म्हणाली.

संध्याकाळी फोटो कापता कापता तिने त्या आजोबांची नक्कल केली, गाल फुगवून, डोळे वटारून. तो खदखदून हसला. टेबलावर थाप मारून हसला, डाव्या हाताची.

उजवा मांडीवर शांत होता.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं." आणि पुन्हा कात्री चालवू लागली.

थोड्या वेळाने तिने आणखी एक विनोद केला, साधाच. तो हसला. हात वर आला, पार हनुवटीपर्यंत.

जरा उशिरा आला, हसू ओसरल्यावर. ती गालातल्या गालात हसली आणि पुढचा फोटो कापायला घेतला.