शोकेसमधला कॉम्प्युटर

सरोजच्या घरी कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर तो कुठे ठेवायचा हे ठरवायला सगळे जमले. नवरा जमला, सासू जमली, सुतार जमला, झालंच तर खालच्या मजल्यावरच्या शेवंतीकाकूसुद्धा येऊन सल्ला देऊन गेल्या. विचारलं नाही ते फक्त सरोजला. आणि त्याच्यावर काम करायचं होतं ते तिनेच!

साल सत्त्याण्णव. डोंबिवलीत घरात कॉम्प्युटर असणं म्हणजे तेव्हा केवढं अप्रूप! सरोजचा नवरा गुरुदत्त ठाण्याला बँकेत होता. त्याने हॉलची अख्खी भिंत भरून शोकेस करून घेतली. मधल्या खणात टीव्ही, वर काचेच्या बाहुल्या आणि त्याची कॅरमची ढाल, आणि टीव्हीच्या शेजारी, सरकत्या काचेआड, कॉम्प्युटर. आल्यागेल्याला दारातूनच दिसला पाहिजे ना! कीबोर्डसाठी एक फळी पुढे काढली होती, ती बसलेल्या सरोजच्या छातीपर्यंत यायची. फळी आखूड, म्हणून माऊसला तिच्यावर जागाच उरली नाही. मग तो उजवीकडच्या खणात, टेलिफोनच्या शेजारी. माऊस हलवायचा तर हात असा लांब करायचा, जशी काही माळ्यावरची बरणी काढायचीय.

सासूबाई कलावतीबाईंनी त्यावर कळस केला. त्यांना क्रोशाचा भारी नाद. फ्रिजच्या हँडलला क्रोशा, मिक्सरला क्रोशा, फोनला क्रोशा. त्यांनी माऊसला झालर लावलेलं टोपडं विणलं. कीबोर्डवर जाड प्लास्टिकचं कव्हर होतं, ते त्यांनी काढूच दिलं नाही. "धूळ गेली तर बिघडेल हो! वरनंच दाब की." सरोज वरनंच दाबायची, आणि दाबायची म्हणजे अक्षरशः अंगठ्याने दारावरची घंटा वाजवावी तशी, कारण त्या कव्हरातून हलक्या बोटाला अक्षर उमटायचंच नाही.

लग्नाआधी सरोज कल्याणला मंदाकिनीबाईंच्या क्लासमध्ये टायपिंग शिकली होती. मग ऑफिसात होती. मुलगी झाली तेव्हा नोकरी सुटली, आणि आता ठाण्याच्या एका छापखान्याने तिला मराठी मजकूर टाइप करायचं काम घरी द्यायला सुरुवात केली होती. सगळे म्हणायचे, "घरबसल्या काम! किती छान!" घरबसल्या! हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा सरोजच्या स्टुलावर बसवायला हवा होता. एक ओळ टाइप झाली की कुकरची शिट्टी. दुसरी झाली की गॅसवाला. तिसरीला कलावतीबाईंची हाक, "सरोज, कणीक मळून ठेवलीयस का गं?" कारण पोळ्या लाटायच्या त्या सरोजनेच. सून आल्यापासून सासूबाईंनी लाटणं म्हणून हातात घेतलं नव्हतं. "मी माझं केलं, आता तू कर," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सरोज मनातल्या मनात चरफडायची. धडधाकट बाई, चार पोळ्या लाटल्या तर काय बिघडेल?

दिवाळीनंतर सरोजच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांची टोकं, मग अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत सगळं बधिर. सकाळी उठून हात झटकल्याशिवाय केसांत फणीसुद्धा धरवेना. बाम लावून झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मनगटातली शीर दबतेय. असंच रेटलंत तर पकड जाईल. मग ऑपरेशन करूनही आधीसारखा हात होईलच असं नाही. कामाची पद्धत बदला, नाहीतर काम सोडा."

नेमकं त्याच महिन्यात छापखान्याने पहिल्यांदा अख्खं पुस्तक तिच्यावर सोपवलेलं. तोवर नुसत्या लग्नपत्रिका आणि क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका. हे पुस्तक नीट झालं असतं तर पुढची कामं तिलाच मिळणार होती. तिने संध्याकाळी घरात विषय काढला.

"अहो, मधल्या खोलीत एक साधं टेबल टाकू या. कॉम्प्युटर तिकडे नेऊ. इथे माझा हात जातोय."

"आणि शोकेस?" गुरुदत्त म्हणाला. "ती रिकामी दिसेल ना! त्या मापाने बनवून घेतलीय."

"हात माझाय, शोकेस—"

"एवढं दुखतं तर सोडून दे ना काम. कोणी सांगितलंय? तू घरीच तर असतेस."

कलावतीबाई पलीकडून म्हणाल्या, "आम्ही वर्षानुवर्षं पापड लाटले, शेकड्यांनी लाटले. कधी बोललो नाही हो कुणाला. आताच्या मुलींना बटणं दाबूनसुद्धा हात दुखतात."

सरोज उठून स्वयंपाकघरात गेली. संताप असा आला होता की हातातलं भांडं आपटावं! पण आपटायला तरी पकड कुठे होती? भांडं आपलं आपणच निसटलं आणि आमटी ओट्यावरून खाली वाहत गेली. बाहेरून आवाज आला, "काय सांडलं गं?" कोणी उठून बघायला मात्र आलं नाही.

तर मंडळी, अशा घरात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. शेजारपाजारच्या बायका जमल्या. मंदाकिनीबाई नुकत्याच कल्याणहून जवळच्या सोसायटीत राहायला आल्या होत्या, त्यांनाही सरोजने आग्रहाने बोलावलेलं. तिळगूळ झाला, वाण झालं, आणि कलावतीबाईंनी मोठ्या कौतुकाने शोकेसची काच सरकवली.

"बसा बसा, जाऊ नका! आमची सरोज एकेकीचं नाव मराठीत टाइप करून दाखवेल. टीव्हीवर कसं येतं तसं दिसतं हो!"

"आई, आज नको. हात—"

"अगं, चार नावं तर टाइप करायचीत!"

सगळ्यांच्या देखत काय बोलणार? सरोज स्टुलावर चढली. शेवंतीकाकूंचं नाव आलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. गोदामावशींचं आलं. तिसरं नाव कोपर गावातल्या मंजुळेचं, तिचे सासरे इथले जुने कोळी. "मं" उमटला आणि पुढे काही उमटेचना. बोटं कव्हरावर होती, पण दाबली जात होती की नाही हेच सरोजला कळेना. तिने माऊसकडे हात नेला, तो हातातून सुटला आणि टोपड्यासकट फळीखाली लोंबकळायला लागला. कोणीतरी हसलं. आणि सरोजला रडू फुटलं. नवी साडी, गजरा, भरलेलं घर, आणि ती हुंदके देऊन रडत होती!

"अगं बाई, हे काय नाटक!" कलावतीबाई लाजेने लालबुंद झाल्या.

मंदाकिनीबाई मात्र उठून पुढे आल्या. त्यांनी सरोजचा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबून विचारलं, "हे कळतं? आणि हे?" सरोजने नकारार्थी मान हलवली. बाईंनी स्टूल बघितलं, फळी बघितली, सरोजचे कानाला टेकलेले खांदे बघितले.

"अगं, तुला मी असं बसायला शिकवलं होतं का गं?" त्या कडाडल्या. "कोपर लोंबतंय, मनगट वर मुडपलंय, पाय हवेत! आणि हे प्लास्टिक कशाला? टाइपरायटरवर आपण ठोकायचो, खाली कार्बन असायचा म्हणून. याला नुसतं बोट लागलं तरी पुरतं." त्यांनी लोंबकळणारा माऊस उचलला, टोपडं काढलं, उलटा करून खालची चकती फिरवली. रबरी गोळी तळहातावर पडली. आतल्या चाकांना पांढऱ्या सुताच्या गुंडाळ्याच बसलेल्या! "हा बघा तुमचा क्रोशा. म्हणून तो हलत नाही, आणि ही बिचारी आणखी दाबून रेटते."

"आम्ही नाही का राबलो?" कलावतीबाईंचा आवाज चढला. "पापड लाटून संसार सांभाळला मी! आम्हाला कोणी टेबलं दिली होती?"

"नाही ना दिली? मग दाखवा बघू हात."

कलावतीबाईंनी हात पदराखाली घेतला. तो त्यांनी इतका पटकन घेतला की सगळ्यांचंच लक्ष गेलं. मंदाकिनीबाईंनी हळूच तो बाहेर काढला. अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली होती, आणि अंगठा पुरता मिटतच नव्हता.

"कलावतीबाई, तुमच्याकडे पोळ्या कोण लाटतं?"

"सरोज."

"तुम्ही का नाही?"

कलावतीबाई खाली बघत म्हणाल्या, "मला लाटणं धरवत नाही. ही घरात आली त्याच्याही आधीपासनं नाही धरवत."

सरोज रडायची थांबली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, सासू तोरा दाखवते! "आई, मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तेव्हा तुझ्या सासऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, घरातच तर असतेस, बस जरा. बसले असते तर पापड कोणी लाटले असते? मग सांगायचंच सोडून दिलं. आणि तू आलीस तेव्हा... लाज वाटली गं. सून काय म्हणेल, हिच्याने एक पोळी होत नाही!"

आणि मग जे झालं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. मंजुळा म्हणाली, "मना बी होतंय गो! कोलबी सोलून सोलून ह्यो आंगठा रातचा ठणकतंय." गोदामावशी घरी साड्यांना फॉल लावायच्या, त्यांनी मान दाखवली, ती डावीकडे वळत नव्हती. शेवंतीकाकूंनी खांदा दाखवला. हळदीकुंकवाला बांगड्या दाखवतात, इथे बायका एकमेकींना दुखरे हात दाखवत होत्या! प्रत्येकीच्या घरात हे दुखणं होतं, आणि कुणाच्याही घरात त्यावर बोलणं झालं नव्हतं.

नेमका तेव्हा गुरुदत्त ऑफिसातून आला. बायकांचा घोळका आणि बायकोचे डोळे बघून तो दारातच थबकला.

"या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुमची बँक ना? तुमच्या टायपिस्टला असं स्टुलावर चढवून, फळीसमोर टांगून बसवलं, तर तुमची युनियन काय करेल हो?"

"संप!" गुरुदत्त पटकन बोलून गेला.

हॉलमध्ये एकच हशा पिकला. तो स्वतःसुद्धा हसला, आणि हसता हसता त्याची नजर त्या स्टुलाकडे गेली.

"मग हिची युनियन कुठाय?" बाईंनी विचारलं.

"मी आहे," कलावतीबाई म्हणाल्या. "मी आहे हिची युनियन! गुरू, तो कॉम्प्युटर उद्याच्या उद्या मधल्या खोलीत गेला पाहिजे. शोकेस रिकामी राहिली तर मी माझ्या बरण्या ठेवीन त्यात!"

गुरुदत्तने बॅग खाली ठेवली. सरोजच्या जवळ येऊन तिचा हात बघितला. डॉक्टरांचं सगळं त्याला सांगून झालं होतं, पण हात त्याने त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "काम सोड म्हणायला नको होतं मी." एवढ्या बायकांसमोर असं म्हणायला धीर लागतो, हे कबूल करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी टेबल आलं. मंदाकिनीबाई स्वतः उभ्या राहून मांडून गेल्या. कीबोर्ड कोपराच्या उंचीला, प्लास्टिकविना. माऊस त्याला खेटून, म्हणजे हात ताणायला नको, आणि तो चिमटीत आवळून धरायचा नाही, नुसता तळवा ठेवायचा. टाइप करताना मनगट सरळ, टेबलाच्या कडेवर टेकवायचं नाही. पाय पोचत नव्हते तर खाली देवघरातला जुना पाट सरकवला. आणि मुख्य म्हणजे पान झालं की उठायचं, खिडकीबाहेर बघायचं, बोटं उघडझाप करायची. "आणि उठलीस की स्वयंपाकघरात नाही जायचं हं!" बाईंनी बजावलं. "ते उठणं विश्रांतीत धरत नाहीत."

हात काही जादूने बरा झाला नाही. डॉक्टरांनी मनगटाला बांधायला पट्टा दिला, बरेच दिवस काम बंद ठेवायला लावलं. ते पुस्तक छापखान्याने दुसऱ्याला दिलं, आणि सरोज त्या दिवशी पुन्हा रडली. झालेलं नुकसान झालं. पण पकड गेली नाही. उन्हाळ्यात तिने पुन्हा कामं घ्यायला सुरुवात केली, थोडी थोडी. पोळ्या आता संध्याकाळी गुरुदत्त लाटतो. त्या नकाशासारख्या होतात, आणि कलावतीबाई त्या मुकाट्याने खातात.

एकदा दुपारी कोणी पाहुणे आले आणि म्हणाले, "सूनबाई घरीच असेल ना? बोलवा की, चहा टाकू दे." कलावतीबाईंनी मधल्या खोलीच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. "ती कामावर गेलीय. पाच वाजता येईल. चहा मी टाकते, पातेलं जरा तुम्ही उतरवा."

वाचकहो, यंत्र आणलं की आपण त्याला हार घालतो, टोपडं शिवतो, काचेत ठेवतो, आणि त्याच्यापुढे बसणाऱ्या माणसाला मात्र उरलीसुरली जागा देतो. घरात केलेलं काम हेही कामच असतं. त्या कामाने दुखलेला हात हा नखरा नसतो, आणि मुकाट्याने सोसणं हा काही वारसा नव्हे, की सासूने तो सुनेला द्यावा. आज घरी गेलात की आधी विचारा, "तुझा हात दुखतो का गं?" आणि ती "नाही" म्हणाली, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. हात हातात घेऊन बघा.