पसंतीला आणलेली तीन घड्याळं

दहाव्याला निर्मळच्या तळ्यावर जगन्नाथांच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा घरच्यांनी एकेक करून कबुल्या द्यायला सुरुवात केली. गेलेल्याची काही इच्छा राहिली की कावळा अडून बसतो, आणि ती पुरी करायचा शब्द दिला की उतरतो, अशी आपली पद्धत. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर सात-आठ बसले होते, पण आपल्याला कुणी रीतसर बोलावलेलंच नाही असा चेहरा करून.

राधिका, थोरली मुलगी, विरारला दिलेली, हात जोडून म्हणाली, "बाबा, आईला मी बघीन." कावळे हलले नाहीत. जगन्नाथांच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या, "वाडी विकणार नाही. बिल्डरला दारात उभा करणार नाही." एका कावळ्याने मान वळवून दुसरीकडे पाहिलं. चुलत्यांनी कुंपणाचा तंटा मिटवायचं कबूल केलं आणि लगेच "म्हणजे बोलून बघू" अशी दुरुस्तीही केली. पाऊण तास झाला. गुरुजींच्या पोटातले कावळे केव्हाच येऊन बसले होते, हेच तेवढे येईनात.

मग सगळ्यांनी धाकट्याकडे, केयूरकडे पाहिलं.

केयूरची अडचण अशी होती की तो खरं बोलला तरी लोकांना थट्टा वाटायची आणि थट्टा केली तर लोक ती अमलात आणायचे. चेहराच तसा होता, सरकारी नोटिशीसारखा. दोन वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या लग्नात तो म्हणाला होता, की वरातीत घोड्याऐवजी खताचा ट्रॅक्टर आणू या. ट्रॅक्टर आला. फोटो आहेत.

त्या दिवशी मात्र तो पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "बाबा, मी घड्याळ घेईन. वेळेवर येत जाईन."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. एक नाही, तीन. गुरुजी हुश्श झाले.

कुणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. बाबांच्या छातीत दोन दिवस जड वाटत होतं. केयूरने संध्याकाळी पाच वाजता स्कूटर घेऊन यायचं आणि त्यांना माणिकपूरच्या डॉक्टरांकडे न्यायचं, असं सकाळीच ठरलं होतं. केयूर माणिकपूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. चारला बॅच सुटली. मग तो तिथेच कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसला. एकट्याने खेळायचा डाव, ज्यात हरवायला समोर कुणी नसतं तरी माणूस हरतो. एकदा सुटला की निघू, असं म्हणत सतरा डाव झाले. तो घरी पोचला सात वाजता. बाबा साडेसहालाच रिक्षाने गेले होते. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ते वारले.

दीड तासाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. केयूरने त्यांना हे तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनीच त्याला एक गोळी लिहून दिली.

घड्याळ घ्यायला त्याने वर्ष लावलं. घड्याळांची दुकानं दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. शेवटी अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात, वर्षश्राद्धाला चार दिवस उरले तेव्हा, आनंदीबाई पायांत चपला घालून स्कूटरजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"कुठे?" केयूरने विचारलं.

"तू शब्द दिलायस. कावळा ऐकून गेलाय."

ॲन्सेल्मकाकांचं दुकान माणिकपूरला, चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर. डोळ्याला भिंग लावून बसलेला शांत माणूस. बाबा दर गुरुवारी केळ्यांचे घड पोचवून परत जाताना तिथे थांबायचे, त्यामुळे ओळख जुनी.

"या वहिनी," ते म्हणाले. "जगन्नाथ गेला, तेव्हापासून राजेळी केळं तोंडात घातलं नाही मी. बाजारात मिळतं, पण चव नाही."

"ह्याला घड्याळ हवंय," आनंदीबाई म्हणाल्या. "ह्याला म्हणजे ह्यांच्या नावाने. पसंत ह्यांना पडलं पाहिजे."

ॲन्सेल्मकाकांनी याबद्दल काही शंका काढली नाही. घड्याळाच्या धंद्यात माणूस बऱ्याच गोष्टी ऐकतो. त्यांनी काचेवर मखमलीचा तुकडा पसरला आणि एकेक घड्याळ मांडायला सुरुवात केली.

आनंदीबाईंनी पहिलं उचललं, हात लांब करून धरलं आणि डोळे बारीक केले. "आकडे कुठे आहेत? नुसत्या रेघा. चष्मा वाडीत नेत नाहीत ते." दुसऱ्याला चामड्याचा पट्टा होता. "केळीचा चीक लागला की चार दिवसांत काळं ठिक्कर." तिसरं रात्री अंधारात चमकणारं होतं. "रात्री घोरतात, घड्याळ कशाला बघतील?"

हे सगळं वर्तमानकाळात चाललं होतं. केयूरने एकदा ॲन्सेल्मकाकांकडे पाहिलं. ते गंभीरपणे मान डोलावत पुढचं काढत होते.

"भाऊ, ते दर गुरुवारी तुमच्याकडे थांबायचे," आनंदीबाईंना एकदम सुचलं. "ह्या काचेसमोर उभे राहायचे. मी स्वतः पाहिलंय. कुठल्या घड्याळाकडे बघायचे ते?"

ॲन्सेल्मकाकांनी भिंग काढलं.

"वहिनी, खोटं नाही बोलत. ते काचेत बघून भांग पाडायचे."

आनंदीबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि ते हसणं मध्येच दुसऱ्याच वाटेला लागलं. ॲन्सेल्मकाकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. केयूर एका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. ते बंद होतं.

तासाभराने तीन उरली. एक पातळ, सोनेरी, साखळीचं, वजनाला अगदी हलकं. एक काळ्या पट्ट्याचं. आणि एक स्टीलचं, मोठ्या आकड्यांचं, वार-तारीख दाखवणारं, दिसायला शाळेच्या घंटेसारखं. तिन्हींची चावी बाहेर ओढलेली होती आणि तिन्हींत दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ह्यातलं कुठलं?" आनंदीबाईंनी विचारलं. "सोनेरी नको. त्यांना सोनेरी आवडत नाही. पण मला खात्री कशी होणार? तूच सांग, केयूर."

इथे केयूरने काही खरं बोलायला हवं होतं. म्हणजे असं, की आई, मला कुठलंच नको, कुठलंही हातात घातलं तरी त्यात पाच वाजतील. त्याऐवजी तो म्हणाला, "कावळ्यालाच विचारू. तिन्ही पानाशेजारी ठेवू. तो उचलेल ते आपलं."

ॲन्सेल्मकाकांनी तिन्ही घड्याळं एका पेटीत ठेवली. "पसंतीला न्या," ते म्हणाले. "नको असतील ती सोमवारपर्यंत आणून द्या."

"काका, मी थट्टा केली," केयूर म्हणाला.

पण आनंदीबाईंनी पेटी पिशवीत टाकली होती.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी सकाळीच सगळं आटोपून दुसऱ्या घरी गेले. राधिका आदल्या दिवशीच आली होती. स्वयंपाक झाला. वडे, खीर, गवारीची भाजी, आणि बाबांना आवडायचा म्हणून बेकरीतला एक कडक पाव. कावळ्याचं पान बावखलाच्या काठच्या पंपाच्या खोलीवर ठेवायचं ठरलं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. बाबांनी चाळीस वर्षं त्यातूनच केळींना आणि मोगऱ्याला पाणी घातलं होतं. घरात सापडले नाहीत तर ते तिथे सापडायचे.

केयूरने शिडीवर चढून पान ठेवलं. आईने खालून एकेक घड्याळ दिलं. पानाच्या उजवीकडे तीन घड्याळं ओळीने, लिंबाच्या फोडींसारखी.

"आई, हे फार होतंय," राधिका म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्या वेळी कावळा हलला नव्हता."

राधिका गप्प बसली. हा मुद्दा तिला वर्षभर लागलेला होता.

दहा मिनिटं गेली असतील. एक कावळा आला. पानाच्या कडेवर बसला. वड्याकडे पाहिलं, खिरीकडे पाहिलं, मग दोन पायांवर टुण टुण उड्या मारत घड्याळांपाशी गेला. काळ्या पट्ट्याचं त्याने चोचीने उलटं केलं. स्टीलच्या काचेवर दोनदा टकटक केली. आनंदीबाईंनी केयूरचं मनगट घट्ट धरलं.

मग त्याने सोनेरी घड्याळाची साखळी चोचीत धरली आणि उडाला.

उडेल, असं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. उचलणं म्हणजे सगळ्यांनी निवडणं असं धरलं होतं. कावळ्याने त्याचा साधा अर्थ घेतला.

"घेऊन चालला," राधिका म्हणाली.

केयूर अनवाणी धावला. कावळा खालून, जड जड उडत शेजारच्या क्लेमेंटीनबाईंच्या वाडीत शिरला. त्या विड्याच्या पानांच्या मांडवाखाली पानं खुडत होत्या. मान वर करून त्या म्हणाल्या, "केयूर, तुमचा कावळा घड्याळ घेऊन निघालाय. कुठे कामाला लागलाय का?"

"आजच लागला," केयूर धावता धावता म्हणाला.

कावळ्याने त्यांच्या चिंचेला वळसा घातला. मागे कुणीतरी ओरडत येतंय, हे त्याला आवडलं नसावं. तो परत फिरला, बावखलावर आला, आणि नेमकं मधोमध त्याने चोच उघडली. बारीकसा आवाज झाला. पाण्यावर एक गोल उमटला आणि काठापर्यंत येऊन विरला. कावळा पंपाच्या खोलीवर जाऊन शांतपणे वडा खाऊ लागला.

केयूर पँट वर न करताच पाण्यात उतरला. मांडीपर्यंत पाणी, खाली गुडघाभर गाळ. तो वाकून दोन्ही हातांनी चाचपडू लागला. हाताला झावळीचा तुकडा लागला, करवंटी लागली, बाबांच्या पंपाचा एक जुना वॉशर लागला. राधिका घरात निघून गेली. आनंदीबाई काठावर बसल्या.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "घेतलं त्यांनी."

"सोनेरी आवडत नाही म्हणाली होतीस."

"वर गेल्यावर आवडनिवड बदलत असेल."

"आई, तो कावळा होता. चमकतं ते उचलतो तो. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच उचललं असतं." त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं आणि कंबरेपर्यंत बुडाला. "मला ते घड्याळ काढू दे. मी शब्द दिला होता. एक गोष्ट सांगितली होती करायला, तीही मी..."

तो वाकलेलाच राहिला. पाण्यात हात घातलेल्या माणसाला चेहरा लपवायला फार कष्ट पडत नाहीत.

"आई," मग तो म्हणाला, "त्या दिवशी बाबा काय म्हणाले?"

वर्षभर हा प्रश्न घरात तिसऱ्या माणसासारखा वावरत होता. आनंदीबाईंनी लुगड्यावरचा चिखल नखाने खरवडला.

"पाचला काही नाही म्हणाले. कपडे करून ओट्यावर बसले. साडेपाचला मी म्हटलं, क्लेमेंटीनकडून फोन करते. तर म्हणाले, नको, कामात असेल."

केयूरने हात पाण्यातून बाहेर काढले.

"सहाला चिडले. खोटं कशाला सांगू. तुला नाही नाही ते बोलले. गाढव म्हणाले, आणि गाढव कमी पडलं म्हणून त्यापुढचंही म्हणाले. मग मी रिक्षा बोलावली." त्या थांबल्या. "रिक्षात बसले. परत उतरले. मला वाटलं, काही विसरले. तर म्हणाले, तो आला की आधी चहा दे त्याला. लगेच मागे पिटाळू नकोस. थकून येईल."

"मी पत्ते खेळत होतो, आई."

"माहितेय."

"कुणी सांगितलं?"

"तूच. पहिल्याच रात्री, झोपेत. सतरा, सतरा करत होतास. दुसऱ्या दिवशी तुझ्या क्लासमधल्या पोरीला विचारलं मी."

पंपाच्या खोलीवर कावळ्याने वडा संपवला आणि खिरीकडे वळला. केयूर गाळात उभा होता, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. आई वर्षभर हे जाणून त्याला रोज चहा देत होती, कधी लवकर, कधी उशिरा, एकदाही न विचारता, हे त्याच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. जे सुचलं ते सगळं विनोदी होतं, म्हणून तो बोलला नाही.

आनंदीबाई उठल्या. शिडीवर दोन पायऱ्या चढून त्यांनी हात लांबवला आणि उरलेली दोन घड्याळं उचलली. कावळ्याने थोडी जागा करून दिली. काठावर येऊन त्यांनी स्टीलचं पुढे केलं.

"हे घाल. आकडे मोठे आहेत. मलाही दिसतील."

केयूरने ओला हात पुढे केला. त्यांनी तो पदराने पुसला, आधी तळवा, मग मनगट, लहानपणी पुसायच्या तसा थोडा जोर लावून, आणि घड्याळ बांधलं. बंद करताना कातडी चिमटली.

"जेवायला चल," त्या म्हणाल्या आणि घराकडे निघाल्या.

"आलो," केयूर म्हणाला.

गेली वीस वर्षं या शब्दानंतर त्या घरात निदान अर्धा तास काही घडत नसे. आनंदीबाई त्याच हिशोबाने चालल्या होत्या. वाटेत मोगऱ्याची दोन फुलं तोडली, ओट्यावर पाय धुतले, आणि स्वयंपाकघरात येऊन पाहतात तर केयूर तिथे पाटावर मांडी घालून बसलेला. पायांचा चिखल तसाच. समोर पान नव्हतं. घरच्यांचा भात अजून चुलीवर होता. राधिका वाढायचा डाव हातात धरून त्याच्याकडे बघत होती, घरात कुणी परका शिरल्यासारखी.

"काय झालं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"काही नाही," केयूर म्हणाला. "जेवायला आलो."

"भाताला वेळ आहे अजून."

"बसतो."

आणि तो बसला. लवकर आलेल्या माणसाने काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो नुसता बसून राहिला.