राहीबाईचे दोन डाग

"पोपटशेठ, हे पण घेऊन जा," म्हणत तबरेजसरांनी चार नंबरचा कॉम्प्युटर टेबलावरून उचलला. राहीबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"मावशी, वाट द्या ना जरा."

"कुटं निघालं ह्ये?"

"भंगारात. मदरबोर्ड गेलाय. सकाळी इंजिनिअर येऊन गेला ना, तो बोलला टाकून द्या."

"त्यानं उघडून बघितला व्हता का?"

सरांनी कॉम्प्युटर परत टेबलावर ठेवला. इंजिनिअरने उघडून बघितलं नव्हतं. त्याने बटण दाबलं, पडदा काळाच राहिला, मग त्याने चहा-बिस्किटं घेतली आणि निदान सांगितलं. तो चहा राहीबाईनेच दिला होता, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं.

नेरूळ स्टेशनजवळ पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर तबरेजसरांचा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीनं, त्यातली तीन फी भरणाऱ्या मुलांची. चौथं सगळ्यांत जुनं, रडतखडत चालणारं, म्हणून सरांनी त्यावर राहीबाईच्या मोनालीला फुकट बसवलं होतं. राहीबाई तिथे झाडू मारायची, चहा करायची. मोनालीची परीक्षा आता सहा दिवसांवर आली होती. पास झाली तर बेलापूरच्या एका ऑफिसात ऑपरेटरची जागा मिळणार होती. पण चार नंबर गेलं की सराव संपला. बाकीच्या तिन्ही खुर्च्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरलेल्या होत्या. सर माणूस सज्जन, पण सज्जनपणाने खुर्च्या वाढत नाहीत.

"मला बघू द्या," राहीबाई म्हणाली.

भंगारवाला पोपट जिन्यात उभा होता. तो फसकन हसला. "बाई, हा मिक्सर नाय."

"मिक्सर मला येत न्हाई. ह्ये येतं."

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. साताऱ्याहून लग्न करून दिघ्याला आल्यावर राहीबाई ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागली होती. एका लांब टेबलाशी चोवीस बायका बसत. सर्किटची हिरवी पाटी एकीकडून दुसरीकडे सरकत जाई आणि प्रत्येक बाई तिला नेमून दिलेले सोल्डरचे डाग देई. राहीबाई अकराव्या खुर्चीवर. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, चकचकीत रुपेरी तुकडा बसवायचा आणि त्याच्या दोन पायांना दोन डाग द्यायचे. सतरा वर्षं तेच दोन डाग. दहावी बाई काय करते हे तिला दिसे, बारावी काय करते तेही दिसे, पण पाटी शेवटी कशात जाऊन बसते हे कुणालाच माहीत नव्हतं. तिने एकदा सुपरवायझरला विचारलं होतं. "तुझा डाग बघ," तो म्हणाला. पंच्याण्णव साली कारखाना बंद झाला आणि विचारायलाही कुणी उरलं नाही. पण ते कुतूहल काही गेलं नाही. अजूनही रस्त्यात कुठे फुटका रेडिओ दिसला तरी ती थांबून वाकून बघायची. मोनालीला याची फार लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं जेवायला गेली तेव्हा ती घरून डबा घेऊन आली. डब्यात भाकरी नव्हती, सोल्डरिंगचं आयर्न होतं. जोडीला सोल्डरची तार, राळ, जुना टूथब्रश आणि अर्धं लिंबू.

चार स्क्रू काढून तिने बोर्ड बाहेर घेतला, खिडकीशी नेला आणि बराच वेळ नुसता बघत राहिली. मग तिला हसू आलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, ही तर आमचीच पाटी. म्हंजे आमची न्हवं, पण तिचीच भावकी."

एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी निळी बॅटरी होती. ती गळली होती आणि तिच्याभोवती मोरचुदासारखा थर चढला होता. राहीबाईने तो लिंबाच्या रसाने सोडवला, ब्रशने घासला. खाली तांब्याची एक बारीक रेघ मधेच खाऊन तुटलेली निघाली.

"इंजिनिअरला हे दिसलं नाय," सर म्हणाले.

"त्याला बिस्किटं दिसली."

ती पोपटच्या गोदामावर गेली. आता पोपट हसला नाही, कारण ती ढिगात हात घालून एकेक तुकडा उन्हात धरून पाहत होती. फुटक्या कॉर्डलेस फोनमधली बॅटरी तिने घेतली, टेलिफोनच्या वायरीतली केसासारखी एक तार घेतली. त्या तारेने तुटलेली रेघ सांधली, बॅटरी बसवली. राळेचा वास उठला तसा तिचा हात स्थिर झाला. दोन वर्षांत आयर्न धरलं नव्हतं, पण डाग गोल आणि चकचकीत आला. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

सरांनी बटण दाबलं. पडदा उजळला, अक्षरं उमटली आणि तिथेच थांबली.

"काय म्हंतंय?"

सरांनी वाचलं. "टाइम ऑफ डे क्लॉक स्टॉप्ड. आतलं घड्याळ बंद आहे म्हणतोय. मावशी, याच्यात घड्याळ असतं हे मलापण धड माहीत नव्हतं."

राहीबाई पुन्हा बोर्डावर वाकली. बॅटरीच्या शेजारी तो होता. रुपेरी दाणा. एक पाय गंजून पार गेलेला.

"ह्यो तर माझा," ती म्हणाली. सतरा वर्षं हाताखालून गेलेला तो दाणा कशासाठी होता हे तिला आत्ता, क्लासच्या खिडकीत कळत होतं. तो दाणा आतलं घड्याळ चालवायचा. घड्याळच बंद आहे ना, असं तिने तीनदा विचारून खात्री करून घेतली आणि सरांनी तीनदा हो म्हटलं.

पोपटकडे तसा दाणा मिळाला नाही. तांब्यासाठी पाट्या आधीच जाळलेल्या होत्या आणि आगीत दाणे तडकले होते. जे शाबूत होते त्यांच्यावरचे आकडे वेगळे. तिला हवा तो आकडा तोंडपाठ होता. तसा धडका दाणा तिने फक्त एका ठिकाणी पाहिला होता. घरच्या भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळ कारखान्याने दिलेलं, दहा वर्षांच्या नोकरीचं, तबकडीवर तिचं नाव घातलेलं. एकदा बंद पडलं तेव्हा तिने उघडलं होतं आणि आत ओळखीचा दाणा बघून नवऱ्याला हाक मारली होती; पण तो तिथे काय करतो हे दोघांनाही उमगलं नव्हतं. नवरा गेल्याला आता चार वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळी मोनाली पाणी भरायला गेली असताना तिने घड्याळ उतरवलं. नावावरून एकदा पदर फिरवला. मग मागचं झाकण उघडलं. मन खट्टू झालं, नाही असं नाही. पण हात थांबला नाही.

"आई, घड्याळ बंदय. सेल टाक ना," सकाळी मोनाली केस विंचरत म्हणाली.

"टाकते."

दुपारी क्लासात तिने दाणा बसवला. दोन पाय, दोन डाग. सरांनी बटण दाबलं. या वेळी अक्षरं अडली नाहीत. पडद्यावर तारीख आली, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, आणि तिच्याखाली सेकंद पळायला लागले.

"चालू झालं!" सर टेबलावर थाप मारून म्हणाले. "तारीख चुकलीय फक्त. टाका तुमी, मावशी. तुमचा हक्क आहे."

तिने एका बोटाने, कळा शोधत शोधत, आजची तारीख टाकली. चौदा ऑक्टोबर सत्त्याण्णव. घामाघूम झाली.

"सर, मोनालीला बोलू न्हका. आईनं जोडलंय म्हटलं तर परीक्षेपत्तोर तिचं ध्यान मशीनवरच राहील, बंद पडतंय का म्हणून. तिनं बिनघोर टाईप करावं."

जिन्यात चपला वाजल्या. मोनाली आत आली, चार नंबर चालू दिसताच धावत जाऊन खुर्चीत बसली. राहीबाई मागे उभी होती. राहवलं नाही म्हणून तिने पडद्यावरच्या सेकंदांकडे बोट नेलं.

"आई, हात नको लावू! आत्ताच रिपेर झालंय. बिघडलं म्हणजे?"

तबरेजसरांनी तोंड उघडलं. राहीबाईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

"न्हाई लावत," तिने हात मागे घेतला. "पर ह्ये पळतंय काय?"

"टाइम आहे तो. मशीन बंद केलं तरी आतल्या आत चालू राहतो."

"आनि त्याला चालवतं कोन?"

"असतं काहीतरी आत. छोटंसं." मोनालीची बोटं कळांवर चालायला लागली होती. "तुला नाय कळणार ते."

"आसंल," राहीबाई म्हणाली, आणि ट्रे काखेला लावून ती तिथेच उभी राहिली, मुलीची बोटं बघत.