चौकात लावलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, आणि सध्या माझा मुक्काम चौकात आहे. बस स्टँडकडून बाजाराकडे जाणारी सगळी वाहने मला वळसा घालून जातात. आयुष्यभर मी लोकांना घेऊन फिरले, आता लोक माझ्याभोवती फिरतात. याला सन्मान म्हणतात, असे मला सांगण्यात आले आहे.

मला एका नावाड्याने स्वतःच्या हातांनी बांधले. त्याच वर्षी काही कुटुंबे दूर कुठेतरी जायला निघाली होती. मी त्यांना नदी ओलांडून या काठावर आणले. पुढची वाट चिखलात बुडालेली होती, म्हणून ती चार दिवस थांबली. मग कुणाला मूल झाले, कुणाचे शेजाऱ्याशी भांडण जुंपले, आणि निकाल लागल्याशिवाय कुणी हलेना. असे हे गाव वसले. गावाच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत याला ‘पूर्वजांची दूरदृष्टी’ म्हटले आहे. मी तिथे हजर होते, पण मला कुणी विचारले नाही.

पुढे माझी वल्ही त्या नावाड्याच्या मुलाच्या हाती आली. मला सांगायचे आहे ते या धाकट्या नावाड्याबद्दल.

त्याची बायको पलीकडच्या काठाची. लग्न लागल्यावर तिच्या माहेरच्या घाटाच्या पायऱ्यांवरून ती माझ्यात बसली आणि नवरदेव स्वतः वल्हवायला बसला. पण गडी असा गोंधळला, की त्याचा एकच हात जोरात चालू लागला आणि भर नदीत मी गोल गोल फिरू लागले. दोन्ही काठांवर वऱ्हाडी हसून लोटपोट. नवरीने पदराआडून विचारले, “पोचवणार आहात, की नुसतंच फिरवणार?”

“पोचवतो,” तो म्हणाला, आणि पोचवलेही.

त्यानंतर ती कितीदा तरी माझ्यातून माहेरी गेली. बसली, की एक हात माझ्या कडेवरून खाली सोडायची आणि बोटे पाण्यातून ओढत न्यायची. उतरेपर्यंत तो हात काही वर यायचा नाही.

मग पूल झाला. पुलाच्या उद्घाटनाला आम्हांला बोलावले होते. नावाड्याला हार घातला, मला पताका लावल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कुणी फिरकले नाही. तिच्या माहेरच्या पायऱ्यांकडे जाणारी वाट एका गोदामाच्या भिंतीने बुजली. आता तिथे फक्त पाण्यातूनच जाता येत होते, आणि पाण्यातून कुणी जात नव्हते. नावाड्याने मला परसात उपडी घातली. माझ्या पोटाखाली मांजरीची बाळंतपणे झाली. कुणाच्या तरी उपयोगी पडत होते, एवढे समाधान होते.

वर्षे गेली. नावाड्याची बायको आजारी पडली. डॉक्टरांनी औषधे लिहून देताना तिच्याकडे न बघता नावाड्याकडे बघितले, तेव्हाच तिला कळले. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “अहो, माहेरच्या त्या पायऱ्यांना एकदा पाय लावून यायचंय.”

त्याच सुमारास अमृतमहोत्सव समितीचे अध्यक्ष आमच्या परसात आले. म्हणाले, “मामा, गाव या होडीतून आलं. वर्धापनदिनी हिला पुन्हा नदीत उतरवू. तुम्हीच वल्हवा. फक्त तेवढी नीट करून द्या.”

नावाडी आत धावला. “अगं, ऐकलंस का? आपल्याला बोलावणं आलंय!”

“मग दाढी करा आधी,” ती म्हणाली.

मित्रांनो, त्याने मला कसे दुरुस्त केले म्हणून सांगू! कुजक्या फळ्या बदलल्या. सांध्यासांध्यांत सूत ठोकले, वर डांबर फिरवले. माझ्या निम्म्या फळ्या नव्या आहेत, पण समितीतल्या निम्म्या मंडळींचे दातही नवे आहेत, आणि त्यांना जुनीजाणतीच म्हणतात. शेवटी त्याने माझ्यात पाणी भरून ठेवले आणि बायकोला दारात बसवून दाखवले. थेंब गळला नाही. ती म्हणाली, “माझ्यापेक्षा हिचं बरं चाललंय.”

मला समितीच्या आवारात नेण्यात आले. तिथल्या बैठकीत एका सभासदाने शंका काढली. नदीत कुणी पडले, तर जबाबदारी कुणाची? मग ठरले, की होडी चौकात ठेवावी आणि तिच्यात फुलझाडे लावावीत. ठराव एकमताने झाला. नावाड्याला कळवायचे काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवले. मी खिडकीखालीच होते. सगळे ऐकत होते, पण सांगणार कशी?

दुसऱ्या दिवशी माळी ड्रिल मशीन घेऊन आला.

वर्धापनदिनी सकाळी नावाड्याने बायकोला नवे लुगडे नेसवले, रिक्षात घातले आणि खांद्यावर वल्ही टाकून तिला नदीवर नेले. काठावर चिटपाखरू नव्हते. दोघे वाट बघत बसले. मग चौकातून लाउडस्पीकर ऐकू आला. अध्यक्ष म्हणत होते, “आपला वारसा आपणच जपला पाहिजे!”

ती दोघे चौकात आली, तेव्हा भाषणे संपून नाश्ता सुरू झाला होता.

“साहेब, हिला पाण्यात कधी उतरवायची?” नावाड्याने विचारले.

“मामा, आता ती कायमची इथेच! बघा ना, काय शोभतेय!”

नावाडी वाकला. त्याने माझ्या तळाखाली हात घातला. त्याचे बोट आरपार आत गेले, आणि मातीला लागले.

“ही भोकं?”

“मी पाडली, मामा,” माळी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. “पाणी साचलं, की झाडं कुजतात. बघा, सगळी एका ओळीत आहेत.”

नावाड्याने दुसऱ्या भोकावरून हात फिरवला. मग तिसऱ्या.

“हो,” तो म्हणाला. “ओळ सरळ आहे.”

रिक्षातून तिने हाक मारली. “अहो, मला आत बसवा.”

“अगं, फुलं आहेत तिथं.”

“मग सरकतील की. नदीतसुद्धा लोक सरकून बसायचेच.”

त्याने तिला उचलून माझ्यात बसवले. तिने हात माझ्या कडेवरून खाली सोडला. बोटे हवेत थोडी हलली, पाणी शोधत. भोवताली रिक्षा, ट्रक, सायकली गोल फिरत होत्या. ती बघत राहिली आणि हसली.

“पहिल्या दिवसासारखंच झालं की हो. पोचवणार आहात, की नुसतंच फिरवणार?”

नावाड्याने वल्ही आपल्या पायाशी ठेवली. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि रखवालदार ओरडला, “ओ आजी, फुलं तुडवू नका!”

थंडी पडायच्या आत ती गेली.

नावाडी अजून येतो. माझ्याभोवतीच्या कठड्यावर बसतो, माझ्या कडेवर हात ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखे कुणीतरी जुने असेल. त्याला रंग द्या, हार घाला, भाषणे करा. पण त्याआधी त्याच्याजवळ बसून विचारा, की बाबा रे, तुला अजून काय येते? आणि तुझ्या भरवशावर कोण थांबले आहे?

माळी मात्र माणूस चांगला आहे. रोज संध्याकाळी न चुकता मला पाणी घालतो. आयुष्यभर मी पाण्याला आत येऊ दिले नाही. आता ते वरून येते, मातीतून झिरपते आणि त्या सरळ ओळीतून रस्त्यावर जाते. नावाडी पाय उचलून घेतो आणि त्याला वाट देतो.