बगळा कोणाचा?

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना ठसा आहे. तुमच्या मुठीत मावेन एवढाच. माझ्या तोंडावर एक बगळा उलटा कोरलेला आहे. साबणाच्या वडीवर मला दाबले की तो सुलटा उमटतो, एका पायावर उभा, मान वळवून मागे पाहणारा. एवढ्याशा या बगळ्यापायी एकदा एक घर मोडायची वेळ आली होती.

माझा जन्म ठसे कोरणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या टेबलावर झाला. माझ्या मालकीणबाई, म्हणजे वहिनी, त्याच्याकडे खोक्याचे एक झाकण घेऊन आल्या होत्या. झाकणावर त्यांनी कोळशाने बगळा काढला होता.

"आमच्या शेडमागच्या डबक्यावर रोज येतो हा," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने चष्मा वर ढकलला. "बाई, पाय फार काटकुळे काढलेत. पितळेत टिकायचे नाहीत."

"मग धरू द्या थोडं बाळसं!"

म्हातारा खो खो हसला आणि कामाला लागला.

वहिनींच्या यजमानांचा साबणाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब शेड. एका टोकाला तेलाची कढई, मध्ये साचे आणि दुसऱ्या टोकाला वड्या सुकवायच्या फळ्या. थोरले बंधू, म्हणजे वहिनींचे यजमान, कढई सांभाळत. धाकटे बंधू बाजार सांभाळत. वहिनी तारेने वड्या कापत आणि धाकटी जाऊ माझ्याकडून त्यांच्यावर बगळा उमटवी. तिचा हात फार नेमका होता. वडी कधी चिरली नाही की चोच कधी पुसट उठली नाही.

आमच्या साबणाने मळ निघे, पण हात सोलत नसत. लोक दुकानात साबण मागतच नसत. "एक बगळा द्या," म्हणत. ते ऐकले की मला धन्य वाटे.

पुढे थोरले अचानक वारले. काही महिन्यांनी धाकट्यांनी रस्त्यापलीकडे वेगळी शेड घेतली. भांडण झाले नाही. "वहिनी, हे तुमच्या एकटीच्याने व्हायचं नाही. तुम्ही आता आराम करा," एवढेच ते म्हणाले. वहिनींनी आराम केला नाही, कढई पुन्हा चुलीवर चढवली. जाऊ नवऱ्याबरोबर पलीकडे गेली आणि ठसे मारायचे कामही वहिनींकडे आले.

एके सकाळी मी वहिनींच्या हातात असताना कोपऱ्यावरचा दुकानदार आमची खोकी परत घेऊन आला.

"रागावू नका वहिनी. तुमचे दीर सांगून गेलेत, बगळा आता त्यांचा. त्यांनी तो आपल्या मालाचं चिन्ह म्हणून नोंदणीला टाकलाय. तुमचा माल ठेवला तर उद्या मीच गोत्यात येईन."

त्याने एक वडी पुढे केली. तिच्यावर बगळा होता. तीच मान, तेच पाय. नव्या ठशाचा, माझ्यापेक्षा ठसठशीत!

मला मुठीत घेऊनच वहिनी तडक वकीलबाईंकडे गेल्या.

"अर्ज जाहीर झालाय," वकीलबाई म्हणाल्या. "हरकत घ्यायची मुदत संपत आलीय. ती टळली आणि चिन्ह त्यांच्या नावावर लागलं, की नक्कल करणाऱ्या तुम्ही ठराल."

"माझ्याच बगळ्याची?"

"तुमचा आहे हे कशावरून? धंदा दोघा भावांचा होता. तुम्ही वेळेवर नोंद का नाही केलीत?"

"घरचाच तर होता," वहिनी पुटपुटल्या. "घरच्या गोष्टीची कोण नोंद करतं?"

मुदतीत हरकत दाखल झाली, पण पुरावा काय द्यायचा? कोळशाच्या चित्राचे ते झाकण केव्हाच चुलीत गेले होते. म्हातारा ठसेवाला हयात नव्हता. दुकानदार आमचा माल घेईनात. वहिनी बिनठशाच्या वड्या विकू लागल्या, तर लोक त्या उलटसुलट करून खाली ठेवत. मी कपाटात पडून होतो. माझ्या अंगावर हिरवा कळंक चढला. रस्त्यात समोरासमोर आल्या की दोघी जावा मान खाली घालून निघून जात.

सुनावणीच्या दिवशी मला रुमालात गुंडाळून नोंदणी कार्यालयात नेले. टेबलावर माझ्या शेजारी तो नवा, चकचकीत ठसा ठेवला गेला. अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना आळीपाळीने उचलून पाहिले.

"चिन्ह एकच आहे. मूळ कोणाचं?"

"आम्हा भावांचं," धाकटे म्हणाले. "ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटलं नाही, दुकानोदुकानी मी फिरलो. बगळा लोकांच्या तोंडी मी बसवला."

मित्रांनो, हे खोटे नव्हते. म्हणूनच माझा धीर खचला.

"आणि चित्र कोणी काढलं?"

"चित्र... दादानेच."

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. जाऊ उभी राहिली होती.

"साहेब, मी बोलू?"

"तू खाली बस!" धाकटे दबक्या आवाजात म्हणाले.

ती बसली नाही. "चित्र जाऊबाईंनी काढलं. मी शेजारी भाजी निवडत होते. बोटांचा कोळसा त्यांनी माझ्याच बाहीला पुसला होता."

"अर्जदार तुमचे यजमान आहेत. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. घरी त्यांच्याबरोबर मलाच जायचंय. पण खोट्यावर ठसा मारायला माझा हात उठत नाही."

धाकट्यांनी आपला नवा ठसा टेबलावरून उचलून घेतला. मग हळूच म्हणाले, "अर्ज मागे घेतो."

बाहेर ते वहिनींसमोर आले. "तुम्ही कारखाना बंद कराल असं वाटलं होतं. बगळा वाया गेला असता."

"विचारायचं होतंत, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मला पुन्हा रुमालात गुंडाळले आणि घरची वाट धरली.

मग वहिनींनी स्वतःचा अर्ज केला आणि त्यात धाकट्या जावेचेही नाव घातले. वकीलबाईंनी कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, "मी एकदाच काढला. उमटवला तिनेच." पुष्कळ दिवसांनी प्रमाणपत्र आले. तोवर जाऊ आमच्या शेडमध्ये परतली होती. घरी नवऱ्याने तिच्याशी बराच काळ अबोला धरला, तो तिने मुकाट्याने सोसला. पुढे धाकट्यांनी 'शिंपला' नावाचा साबण काढला. नोंद आधी केली, कढई नंतर चढवली!

आता ठसे यंत्र मारते आणि मी टेबलावर कागदांवरचे वजन म्हणून बसतो. मित्रांनो, नोंद केल्याने साबण चांगला होत नाही. तो चांगला हातांनीच होतो. पण त्या हातांचे श्रम ज्या नावात साठतात, ते नाव उघड्यावर टाकू नका. आणि ते कोणाकोणाच्या कष्टाने मोठे झाले, हेही विसरू नका.

परवा शेजारचा खेळणीवाला आपल्या लाकडी खेळण्यांसाठी काढलेले खारीचे चित्र दाखवायला आला होता.

"झकास!" वहिनी म्हणाल्या. "नोंदवलीत का खार?"

"बघू की, सावकाश. कुठे पळून जातेय?"

वहिनींनी पायात चपला सरकवल्या, जावेला कढईकडे बघायला सांगितले आणि त्याच्या हाती चित्र परत देत म्हणाल्या, "उठा. आत्ताच जायचं."