भागीरथीची पाटी

"ह्या बोंबलांत कायच वजन नाय," राघोने हातातले बोंबील पाटीत परत टाकले. "पळंज, पोकळ दाणं देतेस काय मला?"

"पळंज तुझ्या भातात," सकुबाई कोळीण दोरीवरचे बोंबील उतरवत म्हणाली. "बोंबलात नसतं."

वैशाखाचं ऊन होतं. भरतीबरोबर होड्या बंदराला लागल्या होत्या. बायका कमरेएवढ्या पाण्यातून ओल्या पाट्या डोक्यावर घेऊन येत होत्या. सारवलेल्या खळ्यांत जवळा पसरला होता आणि बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगले होते. सकुबाईचा नवरा काळूराम जाळं सांधत बसला होता, मधूनच कावळ्यांना खडे मारत होता.

राघो मुरबाडकडचा. दर वैशाखात तीन दिवसांची गाडीवाट करून तो तांदूळ आणायचा आणि बदल्यात सुकं म्हावरं न्यायचा. पण निवड करायची ती भागीरथी. बारा वर्षं ती ह्या खळ्यात सकुबाईशी हुज्जत घालायची आणि राघो बैलांपाशी बिडी ओढत बसायचा. भागीरथी माघात तापाने गेली. निघताना म्हातारी आई एवढंच बोलली, "बघून आण रे. आषाढात किडलं तर लावणीला पोरी नुसत्या भातावर राबतील."

बाईमाणूस मागे नाही हे कळलं की हे लोक आपल्याला लुबाडणार, असं राघोने वाटेतच धरलं होतं. म्हणून आल्या आल्या सकुबाईने "भागीरथी कुठं?" म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "घरी हाय." सकुबाई त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली होती.

बोंबलातलं त्याला कळत नव्हतं, पण भाताच्या खळ्यातलं कळत होतं. त्याच्या खळ्यात जड तो दाणा आणि हलकं ते फुकट. तो दुसऱ्या दोरीकडे गेला. तिथले बोंबील चकचकीत होते, हाताला वजनदार लागत होते.

"हे घाल."

"ते कालचं हाय. अजून दोन उनं लागतील."

"म्हंजे चांगलं ठेवून घेतेस."

"घाल गो त्याला," काळूराम जाळ्यातून मान वर न करता हसत म्हणाला. "आषाढात अळ्या पाळील घरात."

राघोला ते हसणंही ठरवून केल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्याची नजर झोपडीच्या सावलीत गेली. तिथे गोणपाटाखाली एक भरलेली पाटी झाकलेली होती.

"ती कोनाची?"

"गिऱ्हाइकाची."

"कोन गिऱ्हाईक?"

"तुला कशाला होवं? हात लावू नको, सांगते."

राघोने जाऊन गोणपाट उचललं. आत एकसारखे, खडखडीत वाळलेले बोंबील जुड्या बांधून ठेवले होते. वरच्या जुडीला हिरव्या लुगड्याची चिंधी होती. ते लुगडं राघोने स्वतः मुरबाडच्या बाजारातून आणलं होतं.

"ती भागीरथीची पाटी," सकुबाई मागून येत म्हणाली. "दर साली जाताना चिंधी देऊन जाते, पुढल्या सालची निशानी म्हनून. तिच्या हातात देईन, तुझ्या नाय. बायको घरी ठेवून एकटा सौदा करतोस, इचारलं तर तोंड चुकवतोस. टाकलीस काय रे तिला? का दुसरी आनलीस?"

राघो चिंधीकडे बघत राहिला. तीन दिवस वाटेत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कोणाला सांगितलं नव्हतं.

"ती नाय येनार आता," तो म्हणाला. "माघात गेली. तापानं."

काळूरामचा हात थांबला. कावळे दोरीवर उतरले, तरी कोणी हाकललं नाही. सकुबाई पाटीपाशी खाली बसली. पदराने तोंड पुसलं. मग तिने पाटी राघोकडे सरकवली आणि त्यातला एक बोंबील त्याच्या हातात दिला.

"मोड."

त्याने मोडला. काडीसारखा टचकन मोडला.

"आता तुझा तो जड मोड."

दुसऱ्या दोरीवरचा तो बोंबील नुसताच वाकला, आणि बोटांना ओल लागली.

"ती असं बघायची," सकुबाई म्हणाली. "शिकून ठेव. पुढल्या साली मी फसवीन, तवा तुला कळाया होवं."

राघोने पाटी गाडीत चढवली, तांदूळ उतरवून दिला. बैल जुंपून झाले तरी सकुबाई चाकापाशीच उभी होती. तिने हात पुढे केला.

"निशानी दे."

त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्याचं टोक फाडून तिच्या हातावर ठेवलं.