शंभरातला एक थेंब

मी एक जुना थेंब आहे. तेलाचा नव्हे, इंजिनाच्या तेलात मिसळतात त्या पूरकाचा. मित्रांनो, तुम्ही माझं नाव ऐकलं नसेल, त्यात तुमची काही चूक नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत तेलाचंच नाव असतं. शंभर थेंबांत आमचा एखादा, त्यामुळे आमचा उल्लेख मागच्या बाजूला, तोही बारीक.

माझा जन्म एका पोलादी टाकीत झाला. जस्त आणि गंधकाच्या संगतीत घडलो, म्हणून अंगाला उग्र वास. प्रयोगशाळेतल्या बाईंनी आधी साध्या तेलात पोलादाची एक गोळी घासून पाहिली, मग दुसरी, मला घातलेल्या तेलात. भिंगाखाली दुसऱ्या गोळीवरचा चरा अगदी लहान दिसला. "पोर कामाचं आहे," बाई म्हणाल्या. तेवढं कौतुक मला पुष्कळ दिवस पुरलं.

पुढे माझी रवानगी नदीवरच्या एका प्रवासी लाँचच्या इंजिनात झाली. लाँच ताई चालवायची आणि इंजिन तिचा थोरला भाऊ सांभाळायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, ताई तेवढी दादा म्हणायची. जिथे लोखंड लोखंडाला भिडतं, तिथे मी पातळ थर होऊन बसायचो. घासला जायचो तो मी, लोखंड नाही. म्हणजे काम करता करता मी संपत होतो. मिस्त्रींना हे ठाऊक होतं. ठरलेले तास भरले, की तेल कितीही चांगलं दिसो, मिस्त्री ते बदलायचेच.

एके दिवशी जिन्यावरून पडून मिस्त्रींचा पाय मोडला. चार महिने ते घरीच होते. सगळा भार ताईवर आला. ती रोज सकाळी तेल मोजायची पट्टी ओढून बघायची. "रेघेपर्यंत आहे," असं स्वतःशीच म्हणायची आणि निघायची. कमी वाटलं, तर शेडमधल्या डब्यातलं साधं तेल ओतायची. तेल रेघेवर होतं, पण आम्ही रोज कमी होत होतो. ओरडून सांगावंसं वाटे, पण थेंबाला कुठलं तोंड?

पाय बरा झाल्यावर मिस्त्री पहिल्यांदा काठी टेकत लाँचवर आले आणि बाकावर बसले. नदीच्या मध्यावर इंजिनातून ठक् ठक् आवाज यायला लागला. खाली लोखंड लोखंडाला लागत होतं. आम्ही उरलेले मोजके थेंब जीव तोडून आड येत होतो, पण पुरे पडत नव्हतो.

मिस्त्री ताडकन उठले. "ताई, बंद कर!"

"अरे दादा, समोर धक्का दिसतोय. पाच मिनिटं!"

"इंजिनाकडे पाच मिनिटं नाहीत. आत्ता बंद कर."

प्रवाशांनी गलका केला. एक शिक्षिका तर रडकुंडीला आल्या, कारण त्यांच्या वर्गाची परीक्षा होती. ताईनं एकदा धक्क्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे, आणि इंजिन बंद केलं. नांगर टाकला. दुसऱ्या लाँचनं ओढून न्यायला दोन तास लागले. लोकांची बोलणी तिनं मान खाली घालून ऐकली.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. बेअरिंगं खरवडून गेली होती, मुख्य दांडा मात्र शाबूत होता. आणखी थोडं चाललं असतं, तर तोही गेला असता.

"मी रोज बघत होते रे तेल," ताई म्हणाली.

"तू किती आहे ते बघत होतीस. कसं आहे, ते मी तुला कधी शिकवलंच नाही. चूक माझीही आहे."

मग दोघांनी मिळून काळंकुट्ट तेल डब्यात काढलं. ताई डबा कडेला रिकामा करायला निघाली, तर मिस्त्रींनी हात धरला. "नदीत नको. जुनं तेल गोळा करतात, तिथे देऊ." मी आता त्याच डब्यात आहे.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. झिजण्यासाठीच माझा जन्म होता. एवढंच सांगायचं आहे, की भांडं भरलेलं दिसलं म्हणून आतलं बळ शिल्लक असेलच असं नाही. यंत्राच्या बाबतीत हे लक्षात ठेवाच. आणि तुमच्या घरात कुणी रोज हसतमुखानं सगळ्यांचं घर्षण स्वतःवर घेत असेल, तर त्या माणसाजवळ थोडं बसा. "दमलीस का?" एवढं विचारा. आम्हा थेंबांना सांगता येत नाही. माणसांना येतं, पण तीही सांगत नाहीत.